घरी रेकॉर्डिंग करायचंय: वडिलांचे अभंग आणि माझं कथावाचन. सॉफ्टवेअर कोणतं घ्यावं?

रानजाई
नमस्कार मंडळी. आम्ही मुलुंडला राहतो. वडील ७८ वर्षांचे आहेत. नोकरी सांभाळून आयुष्यभर भजनी मंडळात गायले, आणि आजही काळी एक या पट्टीत त्यांचा आवाज मोकळा लागतो. त्यांच्या तोंडी कितीतरी चाली अशा आहेत ज्या मी दुसरीकडे कुठेही ऐकल्या नाहीत. त्या नीट रेकॉर्ड करून ठेवायच्या आहेत, मोबाइलवर नाही, व्यवस्थित. साथीला मंडळातले एक तबलजी येतील, पेटी वडील स्वतः वाजवतात.

दुसरं काम माझं. मला मराठी कथा वाचून त्यांची ऑडिओ मालिका करायची आहे.

हाताशी काय आहे ते सांगते. विंडोज लॅपटॉप, ८ जीबी रॅम. दोन माइक लागतील असा यूएसबी ऑडिओ इंटरफेस (माइक लॅपटॉपला जोडणारं उपकरण). एक कंडेन्सर माइक, आणि मंडळाचा एक साधा डायनॅमिक माइक. हेडफोन आहेत. सॉफ्टवेअरसाठी पाच-सहा हजारांपर्यंत खर्च करू शकते, पण दर महिन्याला पैसे भरत राहायचे नाहीत. लॅमिंग्टन रोडला एका दुकानात विचारलं तर "सगळी सॉफ्टवेअरं टाकून देतो, पाचशे द्या" असं उत्तर मिळालं. ते मला नको आहे. ऑडॅसिटी, रीपर, क्यूबेस, एफएल स्टुडिओ अशी नावं ऐकली आहेत. या दोन्ही कामांना एकच सॉफ्टवेअर पुरेल का?

खर्ज
ताई, तुमची दोन कामं अगदी वेगळ्या जातीची आहेत, म्हणून आधी तेवढं वेगळं करू या.

कथावाचनात एकच आवाज, एकच ट्रॅक. तिथे वेळ जातो तो चुकलेली वाक्यं काढण्यात, श्वास आणि खाकरणं कमी करण्यात, सगळ्या भागांची पातळी सारखी ठेवण्यात. अभंगात मात्र दोन माइक एकाच वेळी दोन वेगळ्या ट्रॅकवर हवेत. उद्या टाळ किंवा पखवाज नंतर जोडावासा वाटला तर तेही जमलं पाहिजे, आणि मूळ रेकॉर्डिंगला धक्का न लावता कमीजास्त करता आलं पाहिजे.

मी अंधेरीला डबिंग स्टुडिओत काम करतो. आमच्याकडे प्रो टूल्स आहे, पण तुम्हाला ते सुचवणार नाही. त्याची फुकट मिळणारी इंट्रो आवृत्ती आठ ऑडिओ ट्रॅकची आहे आणि तुम्हाला ती पुरेलही, पण पुढे वाढायचं म्हटलं की वर्गणी आली. तुम्हाला नेमकी तीच नको आहे.

माझं मत रीपर. संगणकावर गाणी ऐकायचं ते विनॅम्प आठवतंय ना? ते ज्यांनी लिहिलं त्या जस्टिन फ्रँकेल यांचंच हे काम. ६० दिवस पूर्ण सॉफ्टवेअर वापरून बघता येतं, काहीही झाकून ठेवलेलं नसतं. वैयक्तिक वापराचा परवाना ६० डॉलरला आहे, म्हणजे पाच हजारांच्या थोडं वर. व्यावसायिक काम करूनही वर्षाची उलाढाल २०,००० डॉलरच्या आत असेल तर तोच परवाना चालतो. एकदा घेतला की दोन मोठ्या आवृत्त्यांपर्यंत पुन्हा पैसे नाहीत. आणि ८ जीबीच्या लॅपटॉपवर ते अगदी हलकं चालतं.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. रीपर उघडल्यावर समोर रिकामी राखाडी पाटी दिसते. सोबत वाद्यांचे तयार आवाज जवळजवळ नाहीत. पहिले आठ दिवस जरा कोरडे जातात.

अरभाट
खर्ज यांच्याशी अर्धा सहमत. अभंगांसाठी रीपर ठीक, पण कथावाचनासाठी ऑडॅसिटीच घ्या. मी शाळेच्या मुलांसाठी धडे वाचून ठेवतो, सगळे त्यातच. आर दाबलं की रेकॉर्डिंग सुरू, स्पेस दाबलं की बंद. शिकायला एक संध्याकाळ पुरते. फुकट आहे, मुक्तस्रोत आहे, २००० सालापासून चालू आहे.

वाचणाऱ्यांसाठी त्यात एक फार कामाची सोय आहे, पंच अँड रोल. वाक्य चुकलं की थांबायचं, चुकीच्या थोडं आधी कर्सर ठेवायचा आणि शिफ्ट-डी दाबायचं. मागची पाच सेकंदं तुमच्याच आवाजात ऐकू येतात आणि नेमक्या जागी पुन्हा रेकॉर्डिंग सुरू होतं. सूर, वेग, श्वास सगळं जुळतं. वाचन संपतं तेव्हा संकलनही बरंचसं झालेलं असतं.

नाममात्र
वाचनखूण साठवली.

बीटवाला_बोरिवली
एफएल स्टुडिओबद्दल कोणी बोललं नाही म्हणून लिहितो. मी चार वर्षं त्यातच काम करतोय. एकदा घेतलं की पुढच्या सगळ्या आवृत्त्या आयुष्यभर फुकट, असं देणारे फार थोडे. पण ताई, तुमच्यासाठी एक अडचण आहे. सगळ्यात स्वस्त फ्रूटी आवृत्तीत ऑडिओ क्लिप वापरता येत नाहीत, त्यासाठी वरची प्रोड्यूसर आवृत्ती लागते आणि ती तुमच्या बजेटच्या बाहेर जाईल. शिवाय एफएलची घडण बीट रचणाऱ्यांसाठी आहे. समोर माणूस बसून वीस मिनिटं गातोय, हे त्याचं मूळ काम नव्हे.

मॅकवाली
ज्यांच्याकडे मॅक आहे त्यांनी आधी गॅरेजबँड उघडून बघावं, ते मॅकसोबत फुकटच मिळतं. पुढे लॉजिक प्रो घेतलं तर गॅरेजबँडमधलं काम तसंच्या तसं त्यात उघडतं. रानजाई, तुमच्याकडे विंडोज आहे म्हणून तुम्हाला उपयोग नाही, पण धागा इतरही वाचतील.

चाळकरी
ताई, सॉफ्टवेअर कुठलंही घ्या, वरच्या मजल्यावरच्या कुकरची शिट्टी त्यात सगळ्यात स्पष्ट येणार. आमच्या गिरगावात तर ती सुरात येते, पांढरी पाच.

स्पूलटेप
वरची चर्चा आवडीने वाचतोय. माझी सगळी नोकरी ध्वनिमुद्रणात गेली, आता निवृत्त आहे. आमच्या काळात संकलन म्हणजे ब्लेड आणि चिकटपट्टी. साडेदहा इंची स्पूल सेकंदाला १५ इंच वेगाने चालवली की अर्ध्या तासाच्या थोडं वर वेळ मिळायचा. त्यामुळे माइकसमोर बसण्याआधी सगळं ठरलेलं असे: कोण कुठे बसणार, माइक किती अंतरावर, पंखा कधी बंद करायचा.

रानजाईताई, तुम्ही सॉफ्टवेअर विचारलंत, पण मला खोलीबद्दल विचारू द्या. मुलुंडचं घर रस्त्यावर आहे की आतल्या बाजूला? खोलीला काचेच्या खिडक्या किती? जमिनीवर लादी उघडी आहे का? भिंतींवरून परतणारा आवाज एकदा माइकमध्ये शिरला की तो कुठल्याही सॉफ्टवेअरने पुरता निघत नाही. कंडेन्सर माइक तर खोलीचा कोपरा न् कोपरा पकडतो.

गाद्या उभ्या करा, रजया टांगा, पुस्तकांचं कपाट असेल ती खोली निवडा. कपड्यांचं कपाट उघडून त्याच्याकडे पाठ करून बसलात तर वाचनासाठी त्याहून चांगली जागा मुंबईच्या घरात सापडणार नाही. माइक कपाटाच्या बाजूला बघतो आणि तिथून काहीच परत येत नाही.

निषाद_कोमल
काका, अगदी खरं. आणि वेळ! आमच्याकडे दादरला पहाटे साडेतीन ते पाच एवढाच काळ शांत असतो. त्यानंतर कावळे, मग दूधवाले, मग पहिल्या शाळेच्या बस. पुनर्विकासाचं काम शेजारी चालू असेल तर रविवारशिवाय नाव घेऊ नका.

चाळकरी
पावसाळ्यात पत्र्याचा आवाज विसरलात. आणि गणपतीत दहा दिवस स्टुडिओ बंदच, त्या दिवसांत आपण रेकॉर्ड करायचं नाही, ढोल वाजवायला जायचं.

निषाद_कोमल
पावसाळ्यावरून आठवलं. कंडेन्सर माइकला मुंबईची दमट हवा अजिबात मानवत नाही. काम झालं की हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा. पुड्या ओलसर झाल्या की बदला. दमट माइकमधून चरचर यायला लागते आणि माणूस उगाच सॉफ्टवेअरला दोष देत बसतो.

तिहाई
मी तबला वाजवतो, म्हणून माइकबद्दल. दोन माइक, आणि आवाज तीन: गळा, पेटी, तबला. वडील स्वतः पेटी वाजवत गातात म्हणजे गळा आणि पेटी एकाच माइकमध्ये येणार, ते वेगळं करायच्या भानगडीत पडू नका. कंडेन्सर वडिलांसमोर, तोंडाच्या किंचित वर, एक वीत-सव्वा वीत अंतरावर, खाली पेटीकडे थोडा झुकलेला. त्यांना सवय असेल तर पेटीचा भाता त्या माइकपासून दूर राहील असं बसवा, भात्याचा श्वास ऐकू येतो. डायनॅमिक माइक तबल्यावर, दायाँ आणि बायाँ यांच्या मधोमध, साधारण फूटभर वर. बायाँ कमी वाटला तर माइक त्याच्याकडे दोन बोटं सरकवा, सॉफ्टवेअरमध्ये खर्ज वाढवत बसू नका.

आणि तबलजींना वडिलांच्या समोर बसवा, शेजारी नको. दोन्ही माइकची पाठ एकमेकांकडे आली की तबल्याची थाप गळ्याच्या माइकमध्ये कमी शिरते. शिवाय नजरानजर राहते, ती भजनात हवीच.

पश्चिम_रेल्वे
एक शंका. इंटरफेस वगैरे कशाला, दोन यूएसबी माइक लॅपटॉपला लावले की झालं ना?

खर्ज
@पश्चिम_रेल्वे, नाही जमत. विंडोजवर एएसआयओ, म्हणजे रेकॉर्डिंगसाठी कमी उशिराने आवाज नेणारा ड्रायव्हर, एका वेळी एकच उपकरण धरतो. एखाद्या युक्तीने दोन्ही चालवले तरी प्रत्येक यूएसबी माइकचं स्वतःचं घड्याळ असतं. दोन्ही ४८ किलोहर्ट्झ, म्हणजे सेकंदाला ४८ हजार सॅम्पल (आवाजाचे नमुने), म्हणत असले तरी केसभर फरक राहतो, आणि वीस मिनिटांच्या गजरात शेवटी तबला आणि गळा एकमेकांपासून सरकलेले सापडतात. रानजाईंनी इंटरफेस घेतला ते बरं केलं. त्यात दोन्ही माइक एकाच घड्याळावर चालतात.

मुक्तछंदी
ऑडॅसिटीबद्दल काळजीचा मुद्दा मांडतो. २०२१ मध्ये म्यूझ ग्रुपने ते ताब्यात घेतलं आणि त्याच वर्षी जुलैत नवं गोपनीयता धोरण आलं, त्यावर मोठा गदारोळ झाला होता. वडिलांचा ठेवा अशा ठिकाणी का ठेवायचा?

अरभाट
@मुक्तछंदी, गदारोळ झाला हे खरं. पण मुद्दा होता आवृत्ती तपासताना आणि बिघाडाचा अहवाल पाठवताना कोणती माहिती जाते याचा. तुमचं रेकॉर्डिंग कुठे पाठवण्याचा प्रश्न नव्हताच, ते तुमच्या डिस्कवर राहतं. टीकेनंतर त्यांनी धोरणाची भाषाही बदलली. आणि स्रोत सगळ्यांना खुला आहे, ज्यांना शंका आहे त्यांनी वाचावा. भीती घालायची तर नेमकी घाला.

खर्ज
माझा ऑडॅसिटीला विरोध वेगळ्या कारणाने आहे, आणि तो फक्त अभंगांपुरता. जुन्या आवृत्त्यांत इफेक्ट लावला की तो लाटेवर कायमचा कोरला जायचा. २०२२ च्या ३.२ पासून ऐकता ऐकता बदलता येणारे इफेक्ट आले, हा मोठा फरक पडला, हे मान्य. तरी अनेक टेक, म्हणजे एकाच गाण्याची पुन्हा पुन्हा घेतलेली रेकॉर्डिंग, एकाखाली एक ठेवायचे आणि त्यातलं चांगलं निवडून जोडायचं, हे रीपरमध्ये फार सहज होतं. सातव्या आवृत्तीत तर प्रत्येक टेकची वेगळी पट्टी असते. पहिल्या टेकमधला मुखडा, तिसऱ्यातला अंतरा, माउस फिरवून निवडायचं. मूळ तिन्ही टेक जसेच्या तसे राहतात. ७८ वर्षांच्या माणसाला पुन्हा पुन्हा गायला न लावता काम होतं.

स्पूलटेप
खर्ज, इथे मी तुमच्याशी सहमत नाही. हे तुकडे जोडणं मला पटत नाही. अभंग म्हणजे एका बैठकीत चढत जाणारी गोष्ट. पहिल्या टेकमधला शांत मुखडा आणि तिसऱ्यामधला रंगलेला अंतरा जोडलात तर कान नाही म्हणाला तरी मन म्हणतं. रानजाईताई, वडील गातील तसं सलग ठेवा. एखादा शब्द अडखळला तर अडखळू द्या.

खर्ज
काका, तुमचं म्हणणं समजतं. पण खोकल्याची उबळ आली, मध्येच दारावरची बेल वाजली, तर? एवढ्यापुरतं जोडणं करायचं की नाही?

स्पूलटेप
बेल जरूर काढा. बेल कुठल्याच चालीत नाही.

बीटवाला_बोरिवली
माझी एक सूचना, रागवू नका. मेट्रोनोमच्या ठोक्यावर गाऊन घ्या. पुढे कधी बासरी, गिटार, काही जोडायचं झालं तर सगळं ग्रिडवर, म्हणजे पडद्यावरच्या समान मात्रांच्या चौकटींवर, बसलेलं असेल. ठोका नसेल तर नंतर फार त्रास होतो.

तिहाई
@बीटवाला, रागवत नाही, पण हे करू नका हो. भजनी ठेका आठ मात्रांचा आहे म्हणून तो आठ समान चौकटींत बसतो असं नाही. गजर सुरू झाला की लय चढते, ती मुद्दाम चढवतात, मंडळातला प्रत्येक जण ती एकत्र चढवतो. ठोका कानात घालून गायला लावलंत तर वडील पहिल्या ओळीला ठोका ऐकतील आणि दुसऱ्या ओळीला हेडफोन काढून ठेवतील. आणि ते बरोबर असतील.

बीटवाला_बोरिवली
मग नंतर काही जोडायचं असेल तर?

खर्ज
उलटं करायचं. आधी गाऊ द्यायचं, मग गाण्याला ग्रिड शिकवायचं. रीपरमध्ये प्रत्येक समेवर टेम्पोची खूण हाताने ठेवता येते, म्हणजे मोजपट्टीच लयीबरोबर ताणली जाते. लॉजिकमध्ये २०१८ पासून स्मार्ट टेम्पो आहे, ते स्वतः ऐकून अंदाज बांधतं. क्यूबेसमध्येही टेम्पो ओळखायची सोय आहे. भजनासारख्या संगीतात यंत्राचा अंदाज चुकतो, सम ती ओळखत नाही, म्हणून हातानेच करा. एका अभंगाला अर्धा तास लागेल. बासरी जोडायची असेल तरच एवढा खटाटोप.

बीटवाला_बोरिवली
हे माहीत नव्हतं. धन्यवाद, आज रात्रीच करून बघतो. आजीच्या ओव्यांचं एक जुनं रेकॉर्डिंग आहे माझ्याकडे.

तिहाई
वा! ते झालं की इथे जरूर सांगा.

निषाद_कोमल
क्यूबेसचा उल्लेख आलाच आहे तर एक जमेची बाजू. त्यांच्या स्टाइनबर्ग कंपनीनेच १९९६ मध्ये व्हीएसटी आणलं, आणि एएसआयओही त्यांचंच. आज आपण कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये जे प्लगइन (सॉफ्टवेअरला जोडायचे छोटे जादा प्रोग्राम) लावतो त्यातले बहुतेक याच पद्धतीचे. बऱ्याच इंटरफेससोबत क्यूबेस, एबलटन वगैरेंची छोटी आवृत्ती फुकट येते. रानजाई, तुमच्या इंटरफेसच्या खोक्यात कोड असलेला कागद असेल, तो टाकला नाहीत ना?

रानजाई
किती मनापासून लिहिताय सगळे! खोकं जपून ठेवलंय, कागदही सापडला. घर आतल्या बाजूला आहे, आंब्याच्या झाडाकडे. कपाटाची युक्ती आजच केली, फरक लगेच कळला.

दोन अडचणी आल्या आहेत. रीपर आणि ऑडॅसिटी दोन्ही उतरवून घेतलं. एक, वडिलांना हेडफोनमध्ये स्वतःचा आवाज उशिरा ऐकू येतो, ते म्हणतात "माझ्यामागे कोणीतरी गातंय". दोन, मागे सतत बारीक घूंऽऽ असा आवाज आहे.

खर्ज
पहिल्याचं उत्तर. इंटरफेसवर डायरेक्ट मॉनिटर असं बटण असेल, ते चालू करा आणि रीपरमध्ये त्या ट्रॅकचं मॉनिटरिंग बंद करा. मग वडिलांचा आवाज लॅपटॉपमध्ये न जाता थेट हेडफोनला येईल.

उशीर का होतो ते सांगतो. सॉफ्टवेअर आवाज थोडा थोडा साठवून पुढे ढकलतं, त्या साठ्याला बफर म्हणतात. ४८ किलोहर्ट्झला ५१२ सॅम्पलचा बफर म्हणजे जवळपास ११ मिलिसेकंद, आणि तेवढाच जाताना आणि तेवढाच येताना, वर यूएसबीचा वेळ वेगळा. १२८ केलात तर एका बाजूला २.७ मिलिसेकंद, पण लॅपटॉपवर ताण वाढतो आणि मध्येच टिकटिक येऊ शकते. रीपरमध्ये ड्रायव्हर म्हणून इंटरफेस बनवणाऱ्यांचा एएसआयओ निवडलाय ना ते तपासा. विंडोजचा नेहमीचा ड्रायव्हर असेल तर उशीर याहून पुष्कळ जास्त असतो.

स्पूलटेप
घूंऽऽ साठी: लॅपटॉपचा चार्जर काढा आणि बॅटरीवर रेकॉर्ड करून बघा. आवाज गेला तर दोषी चार्जर किंवा अर्थिंग. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, म्हणून ही गुणगुण ५०, १००, १५० अशा पायऱ्यांवर येते. पंख्याचा रेग्युलेटर, फ्रिज, गीझर एकाच लाइनवर असतील तर तेही बघा. माइकची वायर चार्जरच्या वायरला समांतर टाकू नका, ओलांडायची झाली तर काटकोनात ओलांडा.

हे मुळातच बंद करा असं मी का म्हणतोय? फिल्टर लावून काढता येतं, पण वडील काळी एकला गातात. त्यांचा मध्य षड्ज साधारण १३९ हर्ट्झला आणि मंद्र पंचम १०४ च्या आसपास. म्हणजे गुणगुणीची १०० ची पायरी पंचमाला चिकटून आहे आणि १५० ची कोमल ऋषभाच्या शेजारी. यंत्राने गुणगुण कापली की त्यासोबत गळ्यातलं वजनही कापलं जातं.

अरभाट
काका, काय सुरेख सांगितलंत! यात भर: वाचनातली गुणगुण काढायला ऑडॅसिटीत नॉच फिल्टर (एकच वारंवारता कापणारा) वापरणार असाल तर तिथे आधीच ६० लिहिलेलं असतं, ते अमेरिकेच्या विजेसाठी. आपल्याकडे ५० करा.

आणि दर वेळी वाचन सुरू करण्याआधी दहा सेकंद नुसतं गप्प बसून खोलीची शांतता रेकॉर्ड करा. नॉइज रिडक्शनला तो नमुना लागतो. फार ओढू नका, आवाज पाण्याखालून आल्यासारखा होतो.

पातळीसाठी ऑडिबल या ऑडिओबुक कंपनीच्या एसीएक्स सेवेचे निकष हाताशी ठेवा: आरएमएस (सरासरी पातळी) उणे २३ ते उणे १८ डेसिबलमध्ये, शिखर उणे ३ च्या खाली, शांततेतला गोंगाट उणे ६० च्या खाली. ऑडॅसिटीत हे तपासणारं एसीएक्स चेक नावाचं प्लगइन मिळतं. तुमचं काम कुठेही जाणार असो, एवढं पाळलंत तर ऐकणाऱ्याला आवाज वरखाली करावा लागत नाही.

मुक्तछंदी
दुकानदाराच्या पाचशे रुपयांच्या प्रस्तावाबद्दल कोणीच बोललं नाही. नको म्हणालात ते उत्तम केलंत. मी अशा लॅपटॉपवर काम केलेले लोक पाहिलेत. विंडोजचं अपडेट आलं की प्लगइन उघडत नाहीत, अँटिव्हायरस बंद ठेवावा लागतो, आणि अडचण आली तर विचारायचं कोणाला? हे सॉफ्टवेअर लिहिणारी माणसं थोडी असतात, त्यांचं पोट त्यावर आहे. आता फुकट आणि स्वस्त पर्याय इतके चांगले आहेत की चोरीला निमित्तही उरलेलं नाही.

पश्चिम_रेल्वे
केकवॉकही फुकट आहे ना विंडोजवर?

निषाद_कोमल
हो, आणि त्याचीच कथा रानजाईंनी ऐकावी अशी आहे. गिबसन कंपनीने २०१७ च्या नोव्हेंबरात केकवॉकचं काम थांबवलं. लोकांची वर्षानुवर्षांची कामं त्यात अडकली होती. पुढच्या वर्षी बँडलॅबने ते घेतलं आणि फुकट दिलं, म्हणून वाचलं. त्याआधी याच गिबसनने १९९८ मध्ये ऑपकोड घेतली होती, तिचं स्टुडिओ व्हिजन त्या काळी फार नावाजलेलं. वर्षभरात त्याचं काम बंद पडलं, आणि त्याला कोणी वाचवलं नाही.

म्हणून ठेवा सॉफ्टवेअरच्या स्वाधीन करू नका. रीपरची प्रोजेक्ट फाइल म्हणजे नुसती पाककृती, त्यात जिन्नस नसतात. प्रत्येक अभंग झाला की गळा-पेटीचा एक आणि तबल्याचा एक, असे दोन्ही ट्रॅक शून्य सेकंदापासून शेवटपर्यंत सलग डब्ल्यूएव्ही (न दाबलेली ध्वनी फाइल) मध्ये काढून ठेवा, आणि तिसरी फाइल मिसळलेली. २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ. एका ट्रॅकला मिनिटाला साडेआठ एमबीच्या आसपास जागा लागते, तासाला अर्धा जीबी, म्हणजे काहीच नाही. एक प्रत लॅपटॉपवर, एक बाहेरच्या डिस्कवर, एक दुसऱ्या घरी.

स्पूलटेप
आणि प्रत्येक फाइलच्या सुरुवातीला तुमच्याच आवाजात बोलून ठेवा: तारीख, गाव, कोण गातंय, कोणाची साथ, चाल कुणाकडून शिकले. कागद हरवतात, फाइलची नावं बदलतात. आवाजात सांगितलेलं त्या फाइलसोबतच राहतं.

चाळकरी
काका, हे फार मोलाचं आहे. माझ्या आजोबांच्या कॅसेटवर फक्त "साइड बी" लिहिलंय. कोण गातंय ते आता सांगणारं कोणी नाही.

रानजाई
बऱ्याच दिवसांनी येतेय, कारण सगळं करून बघत होते.

गुणगुण चार्जरचीच होती, बॅटरीवर गेली. डायरेक्ट मॉनिटरमुळे वडिलांची तक्रारही संपली, तरी दुसऱ्या बैठकीत त्यांनी हेडफोन काढूनच ठेवले, तिहाई म्हणाले तसं. तबलजी समोर बसले.

निर्णय सांगते. वडिलांसाठी रीपर, परवाना विकत घेतला. दोन ट्रॅक, प्रत्येक अभंगाची नवी प्रोजेक्ट फाइल, शिखरं उणे १२ च्या आसपास राहतील एवढाच गेन (माइकचा आवाज वाढवणं). ध्वनी बसवणं मी जवळजवळ केलंच नाही, ८० हर्ट्झखालचं कापलं आणि तबला थोडा मागे घेतला. स्पूलटेपकाका, सलग ठेवलंय. एका ठिकाणी वडील थांबून तबलजींना म्हणतात "जरा धरून", तेही ठेवलंय.

माझं वाचन ऑडॅसिटीत. दोन्ही कामं रीपरमध्ये करता आली असती, वाचनाचे दोन भाग त्यात करूनही पाहिले. पण वाचताना मला पडद्याकडे कमीत कमी बघायचं असतं, आणि तिथे ऑडॅसिटीच हाताला बसलं.

खोक्यातल्या कोडचं एबलटन लाइट भाच्याला दिलं, तो खूष आहे.

खर्ज
फार छान वाटलं वाचून. "जरा धरून" काढू नका कधी.

बीटवाला_बोरिवली
माझंही सांगतो. आजीच्या ओव्यांना समेच्या खुणा करायला गेलो तर तिथे समच नाही, जात्याची फेरी आहे. तिच्या फेऱ्यांवर खुणा ठेवल्या आणि खाली फक्त एक तंबोरा लावला. दुसरं काही जोडावंसं वाटलं नाही.

तिहाई
बीटवाला, जमलं तर ऐकवा. आणि तंबोरा अॅपमधून घेतलात का? असेल तर माइकने नका घेऊ, फाइल थेट ट्रॅकवर टाका. आजीचा स्वर आधी नीट मोजा, जुन्या कॅसेटचा वेग हललेला असतो, सूर दोन पट्ट्यांच्या मध्ये सापडतो. तंबोरा आजीला जुळवायचा, आजीला तंबोऱ्याला नाही.

कोकणकन्या
धागा उशिरा वाचला. रानजाई, आमच्याकडे परळला मंडळात टाळकरी चौघं आहेत आणि इंटरफेस तुमच्यासारखाच दोन माइकचा. टाळ सगळं झाकून टाकतात. मोठा इंटरफेस घ्यावा का?

तिहाई
लगेच नको. टाळ एवढे तीक्ष्ण असतात की त्यांना स्वतंत्र माइक लागतच नाही, गळ्याच्या माइकमध्येच नको तेवढे येतात. चौघांना गायकाच्या माइकच्या पाठीमागे, खोलीच्या दुसऱ्या टोकाला बसवा, खाली सतरंजी, मागे पडदा. तरी जास्त वाटले तर पहिल्या फेरीला फक्त गळा, पेटी, पखवाज घ्या आणि टाळ नंतर तेच ऐकत दुसऱ्या फेरीला वाजवून घ्या, चौघांना एकच माइक, पाच-सहा फुटांवरून. लय मूळ गाण्याचीच राहते. रीपर, क्यूबेस, केकवॉक, ऑडॅसिटी, तुमच्याकडे असेल त्यात हे होतं. चौघांनाही हेडफोन लागतील, एक स्वस्तातला हेडफोन स्प्लिटर आणा.